आठ महिने ब्राम्स : लोकलमध्ये चालत नाही

गेल्या जूनपासून योहानेस ब्राम्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं संगीत, ऐकतेय. दोन ते सहा वाद्यांसाठीच्या, ओपस क्रमांक (छापताना मिळणारा अनुक्रमांक) असलेल्या त्याच्या रचना एकूण २४. सगळ्या किमान तीनदा झाल्या, काहींचा मी मोजच सोडला. पहिले दोन महिने मात्र हाती काहीही लागलं नाही, आणि त्यात बराचसा दोष माझाच होता.

मी ऐकायचे डोंबिवली-दादर प्रवासात. हळू वाजणारा भाग डब्याच्या खडखडाटात बुडायचा. आवाज वाढवला की पुढच्याच मिनिटाला पियानो कानावर आदळायचा. ॲपने त्यात भर घातली. चार भागांची एक रचना म्हणजे त्याच्या लेखी चार गाणी, त्यामुळे शफल चालू राहिलं तर एका ट्रिओच्या (तिघांच्या रचनेच्या) मधल्या भागामागून भलत्याच क्विंटेटचा (पाच जणांच्या रचनेचा) शेवट. आठवडाभर तीच एक रचना समजून ऐकत होते, हे कबूल करायला लाज वाटते.

दुसरी चूक कानाची. बैठकीची सवय, म्हणून पहिलं व्हायोलिन म्हणजे गवई आणि बाकीचे साथीला, असं धरून बसले होते. ब्राम्सकडे खरा ऐवज मधल्या आवाजांत असतो : व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या स्वरांचा), त्याहून खालच्या चेलोची वरची पट्टी, पियानोचा डावा हात. हे मला कळलं १८७५च्या ओपस ६७ या क्वार्टेटमुळे (चार वाद्यांची रचना). तिसऱ्या भागात बाकी तिघांच्या वाद्यांवर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) चढवलेला, फक्त व्हायोला मोकळा. एरवी दोन व्हायोलिन आणि चेलो यांच्यामध्ये दबून असणारं वाद्य अचानक समोर येऊन बोलायला लागतं. बेल्चा क्वार्टेट या चौघांच्या वादकसंचाच्या ध्वनिमुद्रणात (२०१६) क्षिश्तोफ खोझेल्स्कीचा व्हायोला इतका जवळून येतो, की त्या रात्री मी तो भाग चारदा लावला. त्यानंतर आधी ऐकलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून काढलं.

मधला आवाज ऐकू येणं हे मात्र वाजवणाऱ्यांवर फार अवलंबून आहे. ओपस १११ या क्विंटेटच्या सुरुवातीला वरचे चौघे जोरात वाजवत असतात आणि मुख्य सुरावट खाली चेलोकडे. चौघांनी जरा हात सैल सोडला की चेलो गेलाच. पावेल हास क्वार्टेटच्या २०२२च्या मुद्रणात तो तरतो. त्यात दुसरा व्हायोला पावेल निकलचा आहे. तो या क्वार्टेटचा संस्थापक व्हायोलावादक, नंतर बाहेर पडला आणि इथे पाहुणा म्हणून परतला. घर सोडून गेलेल्या भावाने सणाला येऊन नेहमीच्या जागी पाटावर बसावं, तसं त्याचं वाजवणं वाटतं. (हे माझ्या मनाचे खेळ असतील.)

क्लॅरिनेट क्विंटेट, ओपस ११५, हे या सगळ्यातलं माझं सगळ्यात जास्त ऐकून झालेलं. १८९०मध्ये ब्राम्सने आता लिहिणं पुरे असं ठरवलं होतं. मग जर्मनीतल्या मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक रिखार्ड म्यूलफेल्ड त्याने ऐकला आणि ठरवलेलं मोडलं. त्याच्यासाठी चार रचना लिहिल्या. मजा म्हणजे म्यूलफेल्ड त्या वाद्यवृंदात आधी व्हायोलिन वाजवायचा. क्लॅरिनेटवादक कार्ल लाइस्टर आणि आमाडेउस क्वार्टेटचं १९६७चं मुद्रण जाड दुलईसारखं आहे, ऊबदार आणि थोडं जड. दुसरा क्लॅरिनेटवादक मार्टिन फ्रॉस्ट, त्याचं २०१४चं त्यापुढे विरळ, धारेचं. सुरुवातीला फ्रॉस्ट कोरडा वाटला. आता लाइस्टर लावला की क्लॅरिनेटच्या मागे व्हायोला कुठे गेला म्हणून शोधत बसते. शेवटच्या भागात पहिल्या भागाची सुरावट परत येते, एक जोरकस स्वरसंघ वाजतो, मग तोच दबक्या आवाजात. लोकलमध्ये तो शेवटचा स्वर मी दोन महिने ऐकलाच नव्हता.

हॉर्न ट्रिओबद्दल (हॉर्न हे पितळी फुंकवाद्य, सोबत व्हायोलिन आणि पियानो) थोडक्यात. १८६५मध्ये ब्राम्सची आई गेली, त्याच वर्षी ही रचना झाली. ब्राम्सचे वडील हॉर्न वाजवायचे, तोही लहानपणी शिकला होता, आणि या ट्रिओसाठी त्याला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नसलेला जुना हॉर्नच हवा होता. त्यात काही स्वर काढायला पंजा कर्ण्याच्या तोंडात कमीजास्त सारावा लागतो, ते स्वर घुसमटून निघतात. इसाबेल फाउस्ट, अलेक्सांदर मेल्निकोव आणि टॉयनिस फान डेर झ्वार्ट यांच्या मुद्रणात तोच हॉर्न आहे. संथ भागात ती घुसमट ऐकल्यावर व्हॉल्व्हचा हॉर्न फारच गुळगुळीत वाटायला लागला.

पैशांचं : सेकंडहँड बॉक्स सेट मागवला, दोन तबकड्या ओरखडलेल्या निघाल्या, परतावा मिळाला नाही. त्यापेक्षा स्ट्रीमिंग बरं. हायपेरियन या ध्वनिमुद्रण कंपनीचं भांडारही २०२३पासून टप्प्याटप्प्याने तिथे आलंय, त्यात टाकाच क्वार्टेटचा ब्राम्स आहे. शफल बंद, रात्री दहानंतर, पंखा एकवर.

नवख्यांनी ओपस १८च्या सेक्स्टेटपासून (सहा वाद्यांची रचना) सुरुवात करावी. त्यात दोन व्हायोला, दोन चेलो, त्यामुळे मधली बाजू आपोआप भरलेली. ओपस ५१मधला पहिला क्वार्टेट अजून माझ्या गळी उतरलेला नाही. असे वीसेक क्वार्टेट फाडून टाकल्यावर हा छापायला दिला, असं ब्राम्सच सांगायचा. त्या वीसांचा धाक याच्या अंगात शिरलाय असं वाटतं, कुठेच श्वास घ्यायला जागा नाही. परवा पुन्हा लावला, दुसऱ्या भागापर्यंत पोचले आणि बंद केला.