वासराची हगवण: मायक्रोस्कोपखाली शेण तपासायचं की स्ट्रिप किट घ्यायचं?

गोठा मोठा करणाऱ्या मित्राने विचारलं, वासरं सारखी हगतायत, शेण लॅबला पाठवू की स्ट्रिप किट (शेणाच्या नमुन्यावर गोठ्यातच रोग दाखवणारी पट्टी) आणून ठेवू?

आधी वय बघ. साधारण पाच दिवस ते तीन आठवड्यांचं वासरू पिवळं पातळ हगत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियमचा (थोडक्यात क्रिप्टो, आतड्यातला सूक्ष्म परजीवी) संशय घ्यायचा, आणि तीन आठवड्यांच्या पुढे रक्तआव पडत असेल तर कॉक्सिडिया म्हणजे आयमेरिया या दुसऱ्या परजीवीचा.

स्ट्रिपचं उत्तर गोठ्यातच दहा-पंधरा मिनिटांत मिळतं, क्रिप्टोसोबत रोटा, कोरोना हे विषाणू आणि ई. कोलाय हा जिवाणूही बऱ्याच किटमध्ये असतात. पण दर वासराला एक स्ट्रिप जाते त्यामुळे खर्च वाढत जातो, आणि आयमेरिया त्यात सहसा नसतोच!

मायक्रोस्कोपला खर्च कमी, पण बघणारा माणूस हवा. आयमेरिया मिठाच्या नाहीतर साखरेच्या दाट पाण्यावर तरंगवून दिसतो, क्रिप्टो जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, त्याला वेगळा अ‍ॅसिड-फास्ट रंग द्यावा लागतो, लॅबला तसं सांगितलं नाही तर तो निसटतो. शिवाय धडधाकट वासरातही थोडा आयमेरिया सापडतो, म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, एका ग्रॅम शेणात त्याची किती अंडी ते मोजून माग.

रिपोर्ट येईपर्यंत इलेक्ट्रॉलचं पाणी चालू ठेव, आणि हात धू, क्रिप्टो माणसालाही होतो.

नवजात वासरं एकामागून एक आजारी पडत असतील तर स्ट्रिप. महिना-दीड महिन्याची, रक्तआव पडणारी असतील किंवा अख्खा कळप तपासायचा असेल तर मायक्रोस्कोप.