वाकळीला सुती, ब्लाउजला पॉलिस्टर: दोरा कुठला घ्यावा?

आईच्या तीन सुती लुगड्यांची वाकळ मी शिवली ती पॉलिस्टरच्या दोऱ्याने. घरात मोठं रीळ पडून होतं, म्हणून. धावदोरा देखणा पडला. वर्षभरातच दोऱ्याच्या कडेकडेने कापड चिरत गेलं. दोरा मात्र नव्यासारखा, टाके नुसते लोंबत राहिलेले. शिवण उसवली असती तर पुन्हा घातली असती, पण इथे लुगडंच फाटलं. ते आता कुठून आणू?

म्हणून दोरा घेताना आधी एवढंच ठरवा: ताण बसला तर काय गेलेलं चालेल, टाका की कापड? जुनेराला दोरा कापडापेक्षा नरमच हवा, म्हणजे सुती. कोल्हापुरी चपलेच्या कारागिराला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. चामड्याला तो चामड्याचीच वादी घालतो, खिळा मारत नाही.

सुती दोऱ्याची आणखी एक खासियत म्हणजे ओला झाला की तो उलट जास्त मजबूत होतो. कडक इस्त्रीखाली वितळत नाही. कपडा पुढे रंगवायचा असेल तर कापडाबरोबर रंगही घेतो. पॉलिस्टरची शिवण त्या रंगात पांढरीच्या पांढरी उठून दिसते. घ्यायचा तर मर्सराइज्ड घ्या. कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया जॉन मर्सर यांनी इंग्लंडमध्ये शोधली, १८५० साली तिचं पेटंट घेतलं. तिने दोऱ्याला बळ येतं आणि ताणून केली की चकाकीही येते. साधा सुती दोरा धुतल्यावर आटतो आणि शिवणीला चुण्या पडतात. आजीच्या डब्यातलं जुनं रीळ वापरण्याआधी वीतभर दोरा हातात ताणून बघा. पटकन तुटला तर तो कच्च्या टाक्यालाच ठेवा.

रोजचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, पँटची बैठक, पिशव्या यांना मात्र बिनधास्त पॉलिस्टर. तो ताणाला थोडा लवतो, म्हणून हात वर केला तरी बगलेतली शिवण टिकते. आपल्याकडच्या जुलैत कपडे दोन-दोन दिवस घरातल्या दोरीवर दमट राहतात, तेव्हा फरक कळतो. कापूस हवेतली ओल धरतो, दमट राहिला की त्याला बुरशी लागते. पॉलिस्टर ओल जवळजवळ धरतच नाही. त्याचं वैर आहे ते इस्त्रीशी. सुती कापडाला लागते तेवढी कडक इस्त्री शिवणीवर टेकवून ठेवू नका.

घोटाळा होतो तो स्पन पॉलिस्टरमध्ये. आखूड तंतू कातून केलेला हा दोरा लवदार असतो आणि अगदी सुती वाटतो. शंका आली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. सुती दोरा जळक्या कागदासारखा वास देतो, मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतो आणि टोकाला टणक काळा मणी होतो. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. जीन्ससाठी कोअरस्पन मिळाला तर उत्तम. त्याच्या आत पॉलिस्टरची सलग तार असते, वरून कापसाचं किंवा आखूड पॉलिस्टरचं वेष्टण.

नायलॉन बळकट आहे, पण ऊन त्याला खातं. गच्चीवरच्या ताडपत्रीला तो नको, पॉलिस्टरच घाला. रेयॉनची चकाकी भरतकामापुरती ठीक. ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे जोडशिवणीला कधीच नाही. रेशमी दोरा महाग, पण रेशमी साडीची हातशिलाई त्याच्याइतकी कशातच बसत नाही.

जाडीबाबत एक लक्षात ठेवा, रिळावरचा टिकट आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ब्लाउजला १२० पुरतो, जाड पिशवीला ४०.

दोरा घ्यायला कोल्हापूरच्या महाद्वार रोडला जाताना कापडाचा तुकडा बरोबर न्या. रीळ त्यावर नुसतं ठेवून रंग जुळवू नका. गुंडाळलेला दोरा गडद दिसतो आणि शिवल्यावर फिका पडतो. एक पदर उलगडून कापडावर आडवा टाका, दुकानाच्या दारात उजेडात जाऊन बघा. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या.