‘इम्युनिटी प्रोफाइल’: तपासणी चोख, शेरा फुगवलेला

ठाण्यात नौपाड्यातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबने ‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाचे पॅकेज काढले असून, त्यात थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व वगैरे नेहमीच्या चाचण्यांबरोबर रक्तातील ‘नॅचरल किलर’ अर्थात एनके पेशींचे (रोगट पेशी मारणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) प्रमाणही मोजून मिळते. मी पॅकेज घेतले ते या शेवटच्या चाचणीसाठी, त्यामुळे हे परीक्षणही तिच्यापुरतेच आहे.

रक्त घेण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीवर नाव आणि वेळ माझ्यासमोरच घातली गेली. नमुना फ्रिजमध्ये न ठेवता त्याच दिवशी पुढे पाठवतात, हेही न विचारता सांगण्यात आले. अहवालात नुसता आकडा नव्हता, तर फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे लेझरच्या प्रकाशात एकेक पेशी ओळखून मोजण्याच्या पद्धतीचा, ठिपक्यांचा आलेख जोडलेला होता आणि पृष्ठभागावर सीडी३ हे प्रथिन नसलेल्या पण सीडी५६ हे प्रथिन असलेल्या, म्हणजेच एनके, पेशींचा पुंजका त्यात चौकट आखून दाखवला होता. लिंफोसाइट्स या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ५ ते १५ टक्के एनके पेशी असणे सर्वसाधारण मानले जाते आणि माझे प्रमाण त्यातच बसले.

हरकत आहे ती त्याखाली छापलेल्या ‘तुमची प्रतिकारशक्ती : उत्तम’ या शेऱ्याला. या चाचणीने पेशी किती आहेत ते कळते, त्या काम कसे करतात ते कळत नाही. १९७५ मध्ये या पेशींचे वर्णन झाले तेच मुळी त्यांच्या कामावरून, कारण आधी कधी संपर्क आलेला नसतानाही त्या कर्कपेशी मारत होत्या. विषाणूची लागण झालेली किंवा कर्करोगाकडे वळलेली पेशी टी पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या मारक पेशींच्या) नजरेतून सुटण्यासाठी आपल्या पृष्ठभागावरील एमएचसी वर्ग १ चे रेणू (पेशीच्या आतील प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणारे) अनेकदा कमी करते. एनके पेशी नेमकी हीच उणीव हेरते आणि जोडीला पेशी ताणाखाली असल्याच्या खुणा दिसल्या, तर परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्रे पाडून आत ग्रॅन्झाइम ही पेशी मारणारी विकरे सोडते. ही मारकक्षमता तपासायची, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या के५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशी रुग्णाच्या जिवंत एनके पेशींसोबत ठेवून त्यांतील किती नष्ट होतात ते पाहावे लागते. ती चाचणी या पॅकेजमध्ये नाही.

शिवाय व्यायामानंतर रक्तातील एनके पेशी काही काळ वाढतात. तलावपाळीला भराभर फेऱ्या मारून थेट लॅबच्या खुर्चीत बसणारे कमी नाहीत; त्यांना तसे कोणी विचारत नाही. काउंटरवर मात्र ‘एनके पेशी वाढवणाऱ्या’ कॅप्सूलचे पत्रक अगत्याने हातात ठेवले जाते, आणि ‘उत्तम’ शेरा मिळालेलाही त्यातून सुटत नाही!

नागीण किंवा तत्सम विषाणूंचा संसर्ग वारंवार आणि तीव्र स्वरूपात होत असल्यामुळे डॉक्टरांनीच चाचणी लिहून दिली असेल, तर ती येथे करून घ्यायला हरकत नाही. पॅकेजऐवजी फक्त लिंफोसाइट सबसेटची (लिंफोसाइट्सच्या वेगवेगळ्या प्रकारांचे प्रमाण मोजणारी) चाचणी मागावी; फलकावर तिचा उल्लेख नसला, तरी मागितल्यास वेगळी करून मिळते.