घटस्फोट की न्यायिक विभक्तता: जोडीदाराच्या मृत्यूनंतर काय फरक पडतो?

वेगळं राहायचं नक्की, पण कोर्टाकडे मागायचं काय यावर अडलेल्यांसाठी, हिंदू कायद्यापुरतं.

वारसाहक्क: न्यायिक विभक्ततेत, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहण्यात, लग्न टिकून असतं. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायको त्याची विधवाच. मुलं आणि सासूसोबत वर्ग १ ची, म्हणजे सर्वात आधी हक्क असलेली वारस. घटस्फोटानंतर हा हक्क संपतो. मुलांचा हक्क दोन्हीकडे कायम.

कागदपत्रं: खरा घोळ इथेच. घटस्फोटाने जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही; त्यात फ्लॅट माजी बायकोच्या नावे लिहिला असेल तर तो तिलाच जातो. बँक खात्यावरचं नॉमिनेशनही आपण बदलेपर्यंत तसंच. त्यामुळे घटस्फोटाचा हुकूमनामा (कोर्टाचा अधिकृत आदेश) हातात येताच नवं मृत्युपत्र करा, नॉमिनेशनचे फॉर्म भरा आणि पोच घ्या.

वेळ: घटस्फोटाचा निकाल लागण्याआधीच एक जण मृत्युपत्र न करता गेला, तर मागे राहिलेला जोडीदार वारस ठरतो, भांडण कितीही जुनं असो.

पुन्हा लग्न करायचं असेल तर घटस्फोटच. समेटाची शक्यता किंवा वारसाहक्क राखायचा असेल तर विभक्तता; हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत तर घटस्फोट तेव्हाही मागता येतो. विभक्त जोडीदाराला काहीच जाऊ द्यायचं नसेल, तर स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र लगेच करा.