सहा कपांचं ड्रिप कॉफी मशीन, दोन वर्षं रोज वापरून झाल्यावर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये 1900 रुपयांना हे मशीन घेतलं, तेव्हापासून एखाद-दुसरा दिवस सोडला तर रोज सकाळी चालतंय. सहा कपांचं, 650 वॅटचं, काचेचा जग, खाली गरम होणारी प्लेट आणि एकच लाल बटण, बाकी काही नाही. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण या किमतीतली मशीन्स आतून जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे मी जे लिहितेय ते तुम्ही यातलं कुठलंही घेतलंत तरी लागू पडेल.

पहिली गोष्ट, सहा कप म्हणजे आपले सहा कप नव्हेत. टाकीत 600 मिली पाणी बसतं, त्यातलं थोडं कॉफीचा चोथा पिऊन टाकतो, ग्रॅममागे साधारण दोन मिली धरा, म्हणजे हातात येते 520-530 मिली. आपल्या घरातल्या मगाने मोजलं तर दोन मोठे मग आणि वर एक छोटा कप. आम्ही घरात तिघं, नवरा, मी आणि सासरे, आम्हाला बरोबर पुरतं, पण पाहुणे आले की दोनदा लावावं लागतं.

पहिला महिना मात्र मी हे मशीन परत करायच्या बेतात होते, कारण कॉफी एकाच वेळी पाणचटही लागायची आणि कडूही, आणि हे दोन्ही एकत्र कसं होऊ शकतं ते मला कळतच नव्हतं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक घोट घेतला आणि म्हणाले, "अगं, काढा वाटतोय हा, कॉफी कुठाय यात?" मशीनचा दोष असेल असंच वाटलं होतं. पण खरं कारण तीन ठिकाणी होतं, माप, दळण आणि पाणी, आणि ते सुधारल्यावर याच 1900 च्या मशीनमधून जी कॉफी येते ती मी बाहेर 250 रुपये देऊन प्यायलेल्या कॉफीइतकीच आवडीने पिते.

मापाचं आधी सांगते. मशीनबरोबर जो प्लास्टिकचा चमचा येतो त्यात सपाट भरली तर माझ्या वजनकाट्यावर सात ग्रॅम पावडर येते, आणि मी पूर्ण टाकीला दोन चमचे टाकत होते, म्हणजे 14 ग्रॅम! एवढ्याशा पावडरीतून 600 मिली पाणी गेलं की चांगली चव आधीच्या पाण्यातच निघून जाते आणि नंतरचं पाणी नुसता कडवटपणा ओढून आणतं, म्हणून पाणचट आणि कडू एकत्र. आता 36 ग्रॅम टाकते, म्हणजे लिटरला 60 ग्रॅम, चमच्याने मोजायचं तर पाच सपाट चमचे आणि वर थोडी. ऐकायला फार वाटतं, मलाही वाटलं होतं, कॉफी महाग आहे म्हणून हात आखडतो आपला. पण एकदा करून बघा, आणि स्ट्राँग वाटली तर कपात वरून गरम पाणी घाला, टाकीत पावडर कमी करू नका.

आता दळण. माटुंग्याला मावशीकडे गेले होते तेव्हा तिथून साउथ इंडियन फिल्टरची पावडर आणली होती, चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, घातलेली, वास तर असा की ट्रेनमध्ये शेजारची बाई विचारत होती कुठून घेतलीत. ती मी या मशीनमध्ये टाकली, बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. आले तर ओट्यावर सगळीकडे काळं पाणी, पावडर ठेवायची बास्केट काठोकाठ भरून वरून वाहत होती, जगात जेमतेम अर्धा कप. ती पावडर पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी असते, पिठासारखी बारीक, तिथे पाणी अर्धा-पाऊण तास हळूहळू झिरपायचंच असतं, आणि चिकोरी ओली झाली की फुगून चिकट होते. ड्रिप मशीनमध्ये पाणी पाच-सहा मिनिटांत पार व्हायला हवं. त्यामुळे दळण पाहिजे रव्यासारखं, शिऱ्याच्या बारीक रव्यापेक्षा जाड आणि उपम्याच्या जाड रव्यापेक्षा किंचित बारीक, बोटांत चोळलं की कण लागले पाहिजेत. दुकानातून दळून घेत असाल तर नुसतं फिल्टर कॉफी म्हणू नका, तो आपल्याला साउथवालं बारीक देतो, ड्रिपसाठी मीडियम असं स्पष्ट सांगा आणि चिकोरी नको हेही सांगा.

घरच्या मिक्सरवर दळायचा प्रयत्नही मी बरेच दिवस केला. मिक्सर कापतो, दळत नाही, त्यामुळे अर्धं पीठ आणि अर्धे तुकडे, पीठ कडू उतरतं आणि तुकड्यांतून काहीच उतरत नाही. शेवटी 2200 रुपयांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला, आत दातेरी जातं असतं तो. मशीनपेक्षा ग्राइंडर महाग, घरी सगळ्यांना हे विचित्र वाटलं, पण मी ठामपणे सांगते की बजेट चार हजार असेल तर दोन हजार ग्राइंडरवर घाला, चार हजारांचं मशीन आणि दुकानची जुनी पावडर यात काही अर्थ नाही. 36 ग्रॅम दळायला दोन-अडीच मिनिटं लागतात, सकाळी बाबांनाच हे काम आवडतं, पेपर वाचता वाचता फिरवत बसतात.

पेपर म्हणजे वर्तमानपत्र, पण फिल्टरच्या पेपरबद्दलही बोलायला हवंच. मशीनबरोबर नायलॉनची जाळी येते, धुवून वापरायची, खर्च शून्य. जाळीतून कॉफी जरा गढूळ येते, तळाशी गाळ बसतो, तेल उतरतं, काहींना तो भरीवपणा आवडतो. आम्ही मात्र पेपरवर गेलो कारण बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, आणि कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं जे असतं ते कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागद ते बहुतेक सगळं अडवतो. चवही स्वच्छ होते. हा पेपर फिल्टर 1908 साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने काढला, तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला, आणि त्यावर पुढे कंपनी उभी राहिली. मी लहानपणी शाईचा डाग पडला की टीपकागद दाबायचे, त्याच कागदातून कॉफी गाळायचं एका घरच्या बाईला सुचलं हे मला फार भारी वाटतं. माझ्या मशीनला 1 बाय 4 साइजचा पेपर बसतो, शिवण असलेली कड दुमडून घालायचा, आणि पावडर टाकायच्या आधी गरम पाण्याने भिजवायचा, नाहीतर पहिल्या घोटाला पुठ्ठ्याची चव येते.

पाण्याचा मुद्दा कुणी फारसा सांगत नाही. आमच्याकडे सोसायटीत बोअर आणि टँकर मिक्स येतं, जड पाणी, बादलीवर पांढरे थर चढतात. सुरुवातीला मी तेच साधं गाळलेलं वापरत होते, कॉफी मंद, खडूसारखी. मग आरओचं वापरलं तर अगदीच बेचव, कारण आमच्या आरओतून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 30 च्या आसपास येतं आणि कॉफीची चव खेचून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात, 100 ते 150 टीडीएस असेल तर उत्तम. आता तीन भाग आरओ आणि एक भाग साधं उकळून गार केलेलं असं मिसळते. पुण्यात ज्यांना खडकवासल्याचं पाणी येतं त्यांना ही कटकट नाही, सरळ फिल्टरचं वापरा.

जड पाण्याने मशीनचंही नुकसान होतं. आठ महिन्यांनी याचा आवाज बदलला, आधी हलकी गुरगुर असायची ती खदखद झाली, आणि सहा मिनिटांत होणारं काम अकरा मिनिटांवर गेलं. मशीनच्या आत पंप वगैरे काही नसतो, टाकीतलं पाणी खाली कॉइलला जोडलेल्या नळीत उतरतं, तिथे उकळतं आणि वाफेचे बुडबुडेच पाण्याला वर ढकलतात, त्या नळीत क्षार बसले की वाट अरुंद होते. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून अर्धं मशीनमधून जाऊ दिलं, बंद करून अर्धा तास ठेवलं, मग उरलेलं, आणि मग साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या. जगात पांढऱ्या पापड्या तरंगत होत्या, बघून अंगावर काटा आला. आता दर दोन महिन्यांनी करते, वीस रुपयांचं काम आहे.

या बुडबुड्यांच्या पद्धतीमुळे याचा सगळ्यात मोठा दोषही कळतो. कॉफीला 92 ते 96 डिग्रीचं पाणी लागतं, आणि माझ्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने बघितलं तर वरून पडणारं पाणी सुरुवातीला 82 असतं, शेवटी कुठे 93 पर्यंत पोचतं. शिवाय पाणी एकाच भोकातून पडतं. एकदा कॉफी झाल्यावर मी बास्केट काढून नीट पाहिली, मधोमध विहिरीसारखा खड्डा, आणि कडेला वरच्या बाजूला पावडर चक्क कोरडी, बोटाने झटकली तर उडाली. म्हणजे मी 36 ग्रॅम टाकत होते आणि पाच-सात ग्रॅम भिजतच नव्हती. महागड्या मशीनमध्ये पाणी बरोबर तापमानाला आणि पसरून पडतं, त्याचेच पैसे असतात. आपण काय करू शकतो तर, बटण दाबा, पावडर वरून सगळी ओली झालीशी वाटली की बंद करा, साधारण वीस-पंचवीस सेकंद, झाकण उघडा, चमच्याच्या दांड्याने हलकेच ढवळा, कडेची आत घ्या. ताजी कॉफी असेल तर ती तुमच्या डोळ्यांदेखत फुगते, फेस येतो, बारीक बारीक बुडबुडे फुटतात, तो भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. चाळीस सेकंद थांबा, परत चालू करा. एवढ्याने जो फरक पडतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही, बाबांनी त्या दिवशी साखर मागितली नाही एवढंच सांगते.

दुसरा दोष ती गरम प्लेट. तीच कॉइल पाणी तापवते आणि प्लेटही, त्यामुळे वेगळी बंद करता येत नाही, लाल दिवा चालू तोवर कॉफी शिजत राहते. वीस मिनिटांत वास बदलतो, चाळीस मिनिटांनी जळकट. शेवटचा थेंब पडला की बटण बंद करायचं आणि कॉफी स्टीलच्या थर्मासमध्ये ओतायची, थर्मास आधी गरम पाण्याने विसळून. नवरा साडेनऊला उठतो तरी त्याला सातची कॉफी चांगलीच मिळते.

बिया कुठल्या घ्याव्यात तर मला चिकमगळूरची अरेबिका आवडते, मीडियम रोस्ट. पाकिटावर प्लांटेशन लिहिलं असेल तर ती धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून वाळवलेली अरेबिका, चव हलकी, आंबटसर, ड्रिपला एकदम छान, आणि चेरी लिहिलं असेल तर फळासकट वाळवलेली, जरा जड. रोस्टिंगची तारीख छापलेली नसेल तर ते पाकीट उचलू नका. भाजून पाच-सहा दिवस झालेल्या ते तीन आठवड्यांपर्यंतच्या बियांची कॉफी मला सगळ्यात चांगली लागली. म्हणून अडीचशे ग्रॅमच आणते, आमच्याकडे आठवड्याला संपतात.

आईकडची कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ, आणि ती आली की तिला तशीच हवी असते. ड्रिपची नेहमीची कॉफी दुधात हरवते. तिच्यासाठी 400 मिली पाण्याला 40 ग्रॅम टाकते, तेवढंच घट्ट दूध वेगळं आटवते आणि जायफळ त्या दुधात किसते. बास्केटमध्ये जायफळ किंवा वेलची कधीच टाकू नका, मी टाकली होती, प्लास्टिकला वास धरतो आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक कॉफीला वेलची. पण ज्यांना रोज डिग्री कॉफीच हवी, म्हणजे साउथवाली दुधाची, दाट डिकॉक्शन, वर फेस, त्यांनी हे मशीन घेऊच नये, तीन-चारशेचा स्टीलचा फिल्टर घ्यावा, तो ते काम याच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. हे काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी किंवा नुसतं चमचाभर दूध घालणाऱ्यांसाठी आहे.

एक तक्रार मात्र खरी आहे. जगाची चोच नीट घडवलेली नाही, जोरात ओतलं की कॉफी जगाला चिकटून खाली येते, हळू ओतावं लागतं. आणि मागच्या मे महिन्यात धुताना तो जग नळाला आपटून तडकला. कंपनीला फोन केला तर सुटा जग मिळत नाही, नवीन मशीन घ्या म्हणाले, तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तेच. चांगलं चालणारं मशीन एका काचेसाठी टाकून द्यायचं हे मला पटेना. शेवटी पट्टी घेऊन प्लेटपासून बास्केटच्या खालच्या टोकापर्यंतची उंची मोजली आणि भांड्यांच्या दुकानात त्या मापाचा रुंद तोंडाचा स्टीलचा डबा शोधला, झाकणाला मधे भोक पाडून घेतलं कारण बास्केटखालचा थेंब थांबवणारा व्हॉल्व झाकणाने वर दाबला गेला तरच उघडतो. चालतंय मस्त, पण तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी एवढं विचारून घ्या की जग सुटा मिळतो का आणि कितीला.