हेन्री जॉर्जचं 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी': माल एक नंबर, छपाई भंगार

आधी छपाईचं बोलतो, कारण पैसे त्याचेच दिलेत. जुन्या प्रतीचे स्कॅन मारून चिकटवलेत, अक्षरं मुंगीएवढी, काही पानांची शेवटची ओळ अर्धी कापलेली. विक्रेत्याला मेसेज टाकला तर "प्रिंट ऑन डिमांड आहे सर" एवढंच. प्रतीला 1 स्टार.

पुस्तकाला मात्र साडेचार. हा जॉर्ज 1839 चा, फिलाडेल्फियाचा, चौदा पूर्ण व्हायच्या आत शाळा सुटली, मग जहाजावर पोऱ्या म्हणून मेलबर्न-कलकत्ता करून आला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत कंपोझिटर (छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा), मग पत्रकार. कॉलेजचं तोंड न बघितलेला माणूस 1879 ला हे पुस्तक काढतो, प्रकाशक मिळेना तर पहिल्या आवृत्तीचे थोडे खिळे स्वतःच जुळवतो, आणि 1886 ला न्यूयॉर्कच्या मेयरच्या इलेक्शनला थिओडोर रूझवेल्टला तिसऱ्या नंबरवर ढकलतो (स्वतः दुसरा आला, असो).

म्हणणं काय तर जमिनीचा भाव मालकाच्या कष्टाने वाढत नाही, भोवती माणसं, रस्ते, स्टेशन येतं म्हणून वाढतो, मग तेवढं भाडं सरकारने टॅक्स म्हणून घ्यावं आणि पगार, धंदा, बांधकाम यांच्यावरचे बाकी टॅक्स काढून टाकावेत. कमावलं ते तुझं, जमीन सगळ्यांची, त्याच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे हेच. जमीन जप्त वगैरे नाही करायची, सातबारा राहू दे की मालकाच्या नावावर.

नवी मुंबईत उलव्याला राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. 2024 च्या जानेवारीत मुंबईला थेट जोडणारा अटल सेतू सुरू झाला, खर्च सगळ्यांच्या खिशातून, आणि नुसतं तारेचं कुंपण घालून बसलेले प्लॉटवाले एक वीट न लावता मालामाल.

पण मालकांना भरपाई द्यायचीच नाही म्हणतो ते काय पटलं नाही. इकडे नवी मुंबई वसवायला सिडकोने (सरकारी कंपनी) आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेतल्या, 1984 ला जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट पदरात पडले. छोट्या मालकाचे बाकीचे टॅक्स जातील म्हणजे त्याचा फायदाच असं जॉर्जचं गणित आहे, ते जासईत जाऊन सांगून बघा.

सुरुवातीचा मजुरी-भांडवलाचा भाग रटाळ आहे, चाळला तरी चालतो, जमिनीच्या भाड्यापासून खरी मजा. कॉपीराइट कधीच संपलाय, पीडीएफ फुकट मिळते, तीच उतरवून घ्या.