बॉल जॉइंटचा बूट फाटला : फक्त रबर बदलावे की अख्खा जॉइंट?

बॉल जॉइंट म्हणजे खोबणीत फिरणारा धातूचा गोळा; तो चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या (लोअर आर्मच्या) टोकाशी असतो आणि त्यातले ग्रीस रबरी टोपणाने, म्हणजे बुटाने, झाकलेले असते. सर्व्हिसिंगच्या वेळी हा रबरी बूट चिरलेला दिसला, तर केवळ बूट बदलावा की संपूर्ण जॉइंट, याचे उत्तर रबरापेक्षा आतल्या ग्रीसवर अवलंबून असते. ग्रीस बोटावर घेऊन चोळावे. ते मऊ आणि स्वच्छ लागले, शिवाय चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवल्यावर जॉइंटमध्ये ढिलेपणा जाणवला नाही, तर नवा बूट आणि ताजे ग्रीस पुरेसे ठरते. बूट स्वस्त असतो. मात्र तो बसवण्यासाठीही जॉइंट नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) सोडवावाच लागतो, म्हणजे मजुरी जवळजवळ अख्खा जॉइंट बदलण्याइतकीच पडते. त्यातून मेकॅनिकने पुलरऐवजी (जॉइंट दाबून सोडवणाऱ्या हत्याराऐवजी) दुबेळकी पाचर ठोकली, तर चांगला बूटही फाटण्याची भीती असते.

ग्रीस खरखरीत लागले, त्यात तांबूस गंजाची छटा किंवा पाणी दिसले, तर नवे रबर म्हणजे झिजलेल्या गोळ्यावर घातलेले नुसते पांघरूण होय. कोकणातला एक पावसाळा फाटक्या बुटाने काढलेल्या गाडीत मी तरी बूट बदलण्याच्या फंदात पडणार नाही, कारण झीज वाढून गोळा खोबणीतून निसटला की चाक जागीच कोलमडते. अनेक छोट्या गाड्यांत जॉइंट आर्मसहच मिळतो, त्यामुळे खर्च वाढतो; काम झाल्यावर व्हील अलाइनमेंटही (चाकांचे कोन) तपासून घ्यावे लागते.